पुरं रिंगण: प्रोफेसर लालमियांबरोबर सायखेड्यापर्यंत

कऱ्हाडहून नाशिकला जाऊन आलेल्या माणसानं घरी काय आणायचं ते ठरलेलं आहे: गंगेच्या, म्हणजे तिथल्या गोदावरीच्या, पाण्याचा गडू, एखादं तांब्याचं भांडं आणि देवदर्शनाची हकिगत. मी यातलं काहीच आणलं नाही, म्हणून घरात अजून कुरबुर चालू आहे. मी आणली ती एका बॅन्जो वाजवणाऱ्या म्हाताऱ्याची हकिगत. आमच्याकडच्या कुणी त्याला ऐकलेलं नाही आणि ऐकण्याचा योग लवकर येईलसं दिसतही नाही. तेव्हा निदान वाचावं.

जाण्याचं कारण आधी सांगतो. माझ्या मामांचा लहानसा छापखाना आहे. मला अक्षरओळख पाटीवर झाली नाही, शिशाच्या टाइपांवर झाली. इतर मुलं राक्षसांच्या गोष्टी वाचत होती तेव्हा मी पत्रकं वाचत होतो. मीठ, खादी, दारू, शिवाशीव यांवरची पत्रकं वाचून मी वाढलो, आणि हाताला लिहायची सवय लागल्यावर दुसरं काही लिहावंसं वाटलंच नाही. या हिवाळ्यात मी स्वतः एक पत्रक लिहिलं. त्यात दोनच मागण्या होत्या: दारू सोडा आणि शिवाशीव सोडा. गठ्ठा पाठीवर घेऊन मी नाशिककडच्या बाजारगावांना निघालो. देवळात कोणी जावं यावरून त्या शहरात एवढं रण माजलेलं होतं, की तिथली माणसं या विषयावर निदान कान तरी देतील, असा माझा हिशेब होता.

भद्रकाली

पहिल्याच सकाळी तो हिशेब चुकला. भद्रकालीच्या भाजीबाजारात एका रिकाम्या खोक्यावर उभा राहून मी बोलू लागलो. शेजारची भाजीवाली थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, बोलायचं तितकं बोला, पण माझ्या मेथीवर पाय देऊ नका."

मी पाय काढला आणि आवाज चढवला. दोघे थांबले, पत्रक घेतलं, चालते झाले. थोड्या वेळानं एका भत्तेवाल्याच्या हातात माझं पत्रक दिसलं. त्यानं त्याची पुडी वळली होती आणि तीत मुरमुरे, शेव, कांदा, मिरची कालवून गिऱ्हाइकाला देत होता. आमच्याकडे याला चिरमुरे म्हणतात आणि ते सणावाराला खातात. इथे बाजारच्या दिवशी भत्त्याशिवाय माणसाला बाजार केल्यासारखं वाटत नाही. मीही एक पुडी घेतली. चव उत्तम होती. तेल मात्र बरोबर 'शिवाशीव' या शब्दावर उतरलं होतं.

इतक्यात मागून एक आवाज आला. तो सतारीचा नव्हता, डफाचाही नव्हता. तार छेडल्यासारखा होता आणि कातडं वाजवल्यासारखाही. माझ्या समोरचे जे काही चारदोन लोक उरले होते ते तिकडे पळाले. शेवटी मीही खोक्यावरून उतरलो.

लाल बनातीचा गुडघ्यापर्यंत कोट, त्याला पितळी बटणं, डोक्यावर साहेबी उंच काळी टोपी, मेण लावून वर वळवलेल्या पांढऱ्या मिशा. असा एक उंच म्हातारा हातात पत्र्याची झारी घेऊन गोल फिरत होता आणि झारीच्या तोटीतून जमिनीवर पाण्याची रेघ ओढत होता. मध्ये एक ट्रंक होती, तिच्यावर तो बॅन्जो. ज्यांना हे वाद्य माहीत नाही त्यांनी डफाला सतारीसारखी लांब दांडी लावली आहे असं समजावं. तारा पाच, त्यांतली एक आखूड, मध्येच दांडीच्या कडेला खुंटीला बांधलेली.

"मेहेरबान, कदरदान! रेघेवर या! खांद्याला खांदा! ओ पागोटेवाले, तुमच्या डाव्या हाताला ही फट कसली? पडलेल्या दातासारखी? भरा ती! प्रोफेसर लालमिया उघड्या तोंडासमोर वाजवत नाहीत!"

लोक हसत सरकले. तरी एक माणूस मावेल एवढी जागा राहिली. म्हातारा ट्रंकेवर बसला, टोपी मांडीवर ठेवली आणि आभाळाकडे बघत राहिला. लोकांनी ओरडून पाहिलं. तो ढिम्म. अखेर एक हमाल पाठीवरचं पोतं खाली टाकून त्या जागेत उभा राहिला, तेव्हा कुठे त्यानं टोपी घातली, झुकून सलाम केला आणि तारांवर हात टाकला.

बॅन्जो ऐकून डोळे मिटावेसे वाटत नाहीत, उठून कुठेतरी निघावंसं वाटतं. एवढंच मला त्याच्याबद्दल सांगता येईल.

खेळ संपल्यावर मी त्यांना गाठलं. "प्रोफेसरसाहेब, मला पाच मिनिटं तुमची गर्दी द्या."

त्यांनी माझी खादी, माझा गठ्ठा, माझ्या चपला असं सगळं क्रमानं पाहिलं. "गर्दी देतो. तुम्ही काय देणार?"

"तुमची ट्रंक उचलीन."

"ओरडता येतं?"

"भाषण करतो मी."

"भाषण नाही. ओरडणं. माझ्या आधी जाऊन माझी ललकारी द्यायची. पंचवीस वर्षं सर्कशीत होतो. सिंह आणि ट्रपीज यांच्या मध्ये माझा खेळ. मी कधी स्वतःचं नाव स्वतः घेतलं नाही. आता सर्कस बसली, ललकारी देणारा वारला. स्वतःचं नाव स्वतः घेताना माझी जीभ अडते."

आमचा सौदा ठरला. ते राहत होते पुतण्याकडे. पुतण्याचं भद्रकालीतच गाद्या भरायचं दुकान. हे घराणं मूळ पिंजाऱ्यांचं. सुनेनं दाराआडून विचारलं, "आमच्या घरचं चालेल का त्यांना?"

"चालेल कसलं, पळेल," मी म्हणालो. बाजरीची गरम भाकरी, भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि लसणाचा ठेचा. आम्ही ज्वारीवर वाढलेली माणसं. बाजरी घशाखाली उतरायला दोन घास जड गेली, मग हात थांबेना.

जेवताना आमचं पहिलं भांडण झालं. त्यांचं म्हणणं, मी ललकारीत असं म्हणावं: 'विलायतच्या बादशहासमोर वाजवलेले'.

"वाजवलंत का?"

"नाही."

"मग मी म्हणणार नाही."

"एडिटरसाहेब," पत्रकांवरून त्यांनी मला हेच नाव दिलं होतं, "ही ललकारी आहे. कोर्टातली साक्ष नाही."

"खोटं मी छापत नाही आणि ओरडतही नाही. खरं काय ते सांगा."

त्यांनी मिशीला पीळ दिला. "देवळालीच्या छावणीत गोऱ्या पलटणीला नाचायला लावलंय. हा बॅन्जो तिथल्याच एका सोजिराचा. घरी परत जाताना देऊन गेला."

"म्हणजे हे वाद्य विलायती?" मी भाकरी खाली ठेवली.

"कातडं सायखेड्याच्या बकरीचं. तारा मुंबईच्या. तारांखालची ही घोडी मी बाभळीची कोरली. विलायती राहिली ती ही लोखंडाची कडी. ती काढली तर मांडीवर सगळं सांडेल. काढू?"

मी भाकरी पुन्हा उचलली. 'देवळालीची पलटण नाचवलेले' यावर तोड निघाली.

सायखेडा हे त्यांचं गाव, आणि त्यांना जायचं होतं तिथेच. ते कारण त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. आधी विंचूरचा बाजार करायचा होता.

विंचूर

विंचूरला पोचलो तेव्हा सगळ्या गावाला कांद्याचा वास होता. गाड्याच्या गाड्या कांदा उतरत होता आणि बैल त्याची पात चघळत उभे होते. मी बाजाराच्या मधोमध उभा राहून ओरडलो. आयुष्यात मी इतक्या मोठ्यानं कुणाचं नाव घेतलं नव्हतं. "देवळालीची गोरी पलटण ज्यांनी नाचवली, ते सर्कसवाले प्रोफेसर लालमिया!" एक म्हातारा शेतकरी माझ्याकडे वळून म्हणाला, "लय जोर हाय रं पोरा तुज्यात. बैल इकायला ठिवू का तुला?"

झारी फिरली, रेघ ओढली गेली, लोक दाटले. बाजारात कोण कोण असतं हे कोण पाहतो? शेतकरी, हमाल, बोहारणी, मोमिनांची पोक्त माणसं, केरसुण्या विकायला आलेला एक तरुण. सगळे खांद्याला खांदा लावून उभे राहिले, रिंगण पुरं झालं, बॅन्जो वाजला. माणसं डुलत होती. मग माझी पाच मिनिटं आली.

त्या गर्दीकडे पाहून माझा आनंद माझ्या पोटात मावेना. पत्रकातला एक शब्दही न उच्चारता मी म्हणालो, "बंधूंनो, स्वतःच्या डाव्या-उजव्या हाताला बघा! कोण उभं आहे तुमच्याजवळ? विटाळ झाला का कुणाला? हा केरसुण्यावाला बघा, त्याच्या खांद्याला लागून हे पागोटेवाले पाटील उभे आहेत..."

लोकांनी खरोखरच बघितलं.

पुढे जे झालं त्याला एक क्षण पुरला. पागोटेवाला अंगावर निखारा पडावा तसा बाजूला झाला. कुणीतरी त्या तरुणाला विचारलं, "कोणचा रं तू?" कुणीतरी त्याच्या केरसुण्या पायानं उडवल्या. रिंगण फुटलं. पाण्याची रेघ चिखल झाली. मी धावलो, केरसुण्या गोळा करू लागलो. एक कांदा येऊन माझ्या कानावर बसला.

तरुणानं केरसुण्या माझ्या हातातून घेतल्या. त्याचं नाव रावजी. सायखेड्याच्या खालच्या आळीतला, म्हणजे गावानं नदीच्या कडेला टाकलेल्या अस्पृश्यांच्या वस्तीतला.

"साहेब," तो म्हणाला, "मी ऐकत होतो. तुमी मला दाखवून दिलं."

प्रोफेसर तारा पुसत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "झाली पाच मिनिटं?"

आता मला राग आला. "मी खोटं बोललो का? कुणाला कळू न देता शेजारी उभं राहायचं, याला तुम्ही एकी म्हणता? ही चोरी झाली!"

"मी एकी कधी म्हटलं? मी रिंगण म्हणतो. सर्कशीत रिंगणाला फट राहिली की घोडा बिथरतो. मी बिथरलेला घोडा पाहिलाय, त्याच्याखाली आलेला जोकरही पाहिलाय. म्हणून फट चालत नाही. तुमचं पत्रक वेगळं, माझं रिंगण वेगळं."

"पण इथे चाललं ते कुणी कुणाला ओळखत नव्हतं म्हणून. जिथे सगळे ओळखतात तिथे मांडून दाखवा!"

म्हाताऱ्यानं बॅन्जो ट्रंकेत ठेवला आणि झाकण लावलं. "तिथेच चाललोय," तो म्हणाला.

रावजी जाता जाता थांबला होता. "तुमी सायखेड्याचे लालूमिया ना? पिंजाऱ्याचे? माझा बाप तुमची गोष्ट सांगतो."

"कोण तुझा बाप?"

"भिकाबा."

"सांग त्याला, लाल्या येतोय. रिंगण मांडणार आहे. फट राहता कामा नये."

रावजीनं केरसुण्या खांद्यावर टाकल्या. "सांगतो. पण चाचा, तुमची फट बुजवायला आमी नाय येणार. ऐकायला येऊ."

वाटेवर

विंचूरहून सायखेड्याला बैलगाडीनं गेलो. गाडीवान गप्प होता, बैलही गप्प होते. एका शेतात हुरडा भाजत होते, त्यांनी हाक मारून बसवलं. ओंब्या हातावर चोळून, लसणाच्या चटणीबरोबर, ऊन ऊन. आमच्याकडे हुरड्याला दही लागतं. इथल्या माणसांना ते ऐकून हसू आलं. थंडीनं बॅन्जोचं कातडं सैल पडलं होतं. डफवाले डफ शेकतात तसं प्रोफेसरांनी ते हुरड्याच्या आगटीवर लांबूनच शेकलं, बोटानं टकटक करून पाहिलं आणि मग स्वतःचे हातही त्याच आगटीवर धरले. उजव्या हाताची दोन बोटं त्यांना पुरती सरळ करता येत नव्हती.

"गेल्या थंडीत एकच होतं," ते म्हणाले. "पुढच्या थंडीत किती असतील, अल्ला जाणे. म्हणून म्हटलं, आता."

मग त्यांनी ते कारण सांगितलं. सर्कशीत नाव मिळवून ते पहिल्यांदा गावी गेले तेव्हा बॅन्जो बरोबर नेला होता. गाव वाळूत जमलं. एका अंगाला गाव, आणि पार दुसऱ्या टोकाला, हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, खालची आळी. त्यांनी सांगितलं, एका रेघेवर या. कुणी हललं नाही. त्यांनी बॅन्जो ट्रंकेतून काढलाच नाही. गाव चिडलं. पिंजाऱ्याच्या पोरानं गावाला अटी घालायच्या? त्या दिवसापासून ते गावात वाजवायला गेले नव्हते. ईदेला जायचे, बापाच्या कबरीवर फुलं घालायचे, कुणाला न भेटता परत यायचे.

"मग वाजवून टाकायचं होतं," मी म्हणालो. खरं सांगायचं तर त्यांना डिवचायला म्हणालो.

"एडिटरसाहेब, देवळालीत वाजवलं, कराचीत वाजवलं, रंगूनपर्यंत वाजवलं. कुठेही अर्ध्या रिंगणात वाजवलं नाही. ते काय फक्त माझ्या गावात वाजवू?"

गाडीवान इतक्या वेळानं पहिल्यांदा बोलला. "चाचा, सायखेड्यात नाय व्हायचं ते. गाव कडू हाय."

"मी पण कडूच आहे," म्हातारा म्हणाला आणि ट्रंकेवर डोकं टेकून झोपी गेला.

सायखेडा

सायखेड्याची गोदावरी नाशिकच्या गोदावरीसारखी गजबजलेली नाही. पात्र रुंद, हिवाळ्यात पाणी एका कडेला सरकलेलं, बाकी सगळी पांढरी वाळू. वरच्या अंगाला गावाचा घाट. तिथून बरंच खाली, प्रवाहाच्या खालच्या बाजूला, खालच्या आळीचा पाणवठा. दोन्हींच्या मध्ये मोकळी वाळू. प्रोफेसरांनी ट्रंक तिथेच ठेवली.

बातमी आमच्या आधी पोचली होती. पाटील वाळू तुडवत आले. यांना सगळे तात्या म्हणतात. प्रोफेसरांच्याच वयाचे, लहानपणी दोघांनी याच नदीत डुंबलेले.

"लाल्या! मेलास की काय असं वाटलं व्हतं. कोट कुणाच्या मढ्यावरचा म्हनायचा ह्यो?"

"बॅन्डमास्तरचा. तो मेला नव्हता, नुसता लठ्ठ झाला व्हता." गावात शिरताच म्हाताऱ्याची शहरी बोली गळून पडली होती. "तुजं पोट बी लय वाढलं की तात्या. खेळाला बसायला दोन माणसांची जागा लागंल तुला."

तात्या हसले, मग गंभीर झाले. "हे बघ. बाजारचा दीस हाय, चार गावचे लोक आलेत, तुला ऐकायचं हाय. वाजव. पर ते रिंगणाचं खूळ सोड. त्यांनी तिकडं बसावं, आमी हिकडं. आवाज काय मधी अडतो व्हय?"

"आवाज नाय अडत. मी अडतो."

"आजून तसाच हायस?"

"तू बी."

दिवस कलू लागला तशी माणसं वाळूत उतरली. मी ललकारी दिली. मग प्रोफेसर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "यापुढे तुमचं तोंड बंद. जग बुडालं तरी." मी कबूल केलं. ते किती कठीण जाणार आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

झारी घेऊन त्यांनी रेघ ओढली. वाळूत रेघ काळी उमटते. गावाकडून निघून, खालच्या आळीच्या पायवाटेपर्यंत जाऊन, ती नदीच्या अंगानं परत आली. अर्ध्या रेघेवर गाव बसलं. उरलेल्या अर्ध्यावर खालच्या आळीची माणसं येऊन बसली. रावजी होता, त्याचा बाप भिकाबा होता, पांढरे केस, हातात काठी. दोन ठिकाणी फटी राहिल्या: एक नदीकडे, बायकांच्या बाजूला, आणि एक काठाकडे, पुरुषांच्या बाजूला, जिथे एका टोकाला तात्या होते आणि दुसऱ्या टोकाला भिकाबा. बैलगाडी जाईल एवढी.

प्रोफेसरांनी बॅन्जो काढला आणि जुळवायला घेतला. जुळवणं म्हणजे वाजवणं नव्हे, हे मी त्यांच्या बाजूनं सांगून ठेवतो. ते एक तार छेडत, कान लावत, खुंटी पिळत. हळूहळू आवाज त्यांनी इतका बारीक केला, की मागच्यांना ऐकू येईना. माणसं पुढे सरकली. पाण्याची पहिली रेघ मागे पडली. त्यांनी उठून आतल्या अंगानं दुसरी, लहान रेघ ओढली आणि पुन्हा जुळवायला बसले, आणखी बारीक. पुन्हा माणसं सरकली. वर्तुळ लहान झालं की माणसं आपोआप दाटतात. यात मला तत्त्वज्ञान कुठे दिसलं नाही, पण नदीकडे पाहिलं तर बायकांची फट कधी बुजली ते कळलंच नव्हतं. गावातली एक म्हातारी आणि खालच्या आळीतली एक लेकुरवाळी लागून बसल्या होत्या आणि दोघीही त्या लाल कोटाकडे बघत हळूच काहीतरी बोलत होत्या.

माझ्या तोंडात वाक्य आलं. मी ते दातांखाली धरलं.

पुरुषांकडची फट मात्र राहिली. आता एक माणूस बसेल एवढी. तीत कुणी येईना. मी उठू लागलो, तर म्हाताऱ्यानं नुसत्या नजरेनं मला खाली बसवलं. रेघेवर ऐकणाऱ्यांनीच बसायचं, खेळवाल्यांनी नव्हे.

बॅन्जो गप्प झाला. म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"झालं याचं सुरू," तात्या पुटपुटले.

गावाकडचे पाच-सहा जण उठून धोतर झटकत निघून गेले. त्यांच्या जागेवर नवं भगदाड पडलं, ते शेजारच्यांनी सरकून भरलं. सूर्य पलीकडच्या बाभळींना टेकला. कुणीतरी मागून ओरडलं, "वाजव की लाल्या!" दुसरा म्हणाला, "अवो, त्ये सर्कशीतलं जनावर हाय, हलायचं नाय."

मग तात्याच बोलले, जरा वेगळ्या आवाजात. "लाल्या, तुज्या बापाची पिंजण आठवती का? थंडीत आमच्या ओसरीवर बसून पिंजायचा. ती तात वाजायची, टँव टँव. आई म्हनायची, आता गादी ऊन व्हईल. तसं वाजतं का रं ह्याच्यावर?"

"तसंच वाजतं. म्हणून तर ह्यो बाजा घेतला मी."

पलीकडून भिकाबा म्हणाला, "आमच्यात गादी कुनाच्या घरी नव्हती. पर ती तात आमी बी ऐकायचो. घरात झोपून ऐकायचो." मग तो तात्यांकडे वळला, "पाटील, मी अर्धा सरकतो. अर्धे तुमी सरका."

रावजीनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "बाबा, तुमी नका सरकू. आपण लय सरकलो."

भिकाबानं पोराकडे पाहिलं. मग काठी आडवी मांडीवर ठेवली आणि होता तिथेच बसून राहिला.

सगळं गाव तात्यांकडे बघू लागलं. त्यांचं तोंड लाल झालं. ते उठले. पागोटं काढून झटकलं, पुन्हा बांधलं. धोतराची वाळू झटकली. मला वाटलं, संपलं, निघाले. माझ्या घशाशी सगळी पत्रकं आली होती. ओरडावं, धिक्कार करावा, निदान एक वाक्य. विंचूरच्या त्या केरसुण्या मला आठवल्या आणि मी दोन्ही हातांनी वाळू घट्ट धरून बसलो.

तात्या एकच पाऊल चालले आणि भिकाबाच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल असे, धपकन बसले.

"तिथं ऊन डोळ्यावर येतंय," ते मोठ्यानं म्हणाले.

सूर्य केव्हाच बुडाला होता. एवढ्या माणसांत एकानंही ते बोलून दाखवलं नाही. मीही नाही. तात्यांच्या मूळ शेजाऱ्यांनी शिव्या घालत, कण्हत, त्यांच्यामागून सरकून जागा भरली.

प्रोफेसर लालमियांनी टोपी घातली. झुकून सलाम केला, आधी एका अंगाला, मग दुसऱ्या, मग गोल फिरून सगळ्यांना. आणि वाजवलं.

आधी नुसती ती आखूड तार. टँव. टँव. कापूस पिंजल्यासारखी. मग तिच्यावर बाकीच्या तारा उडू लागल्या, कापसासारख्याच. आखडलेली दोन बोटं त्यांनी बाहेर काढून ठेवली होती आणि उरलेल्यांकडून सगळं काम करून घेत होते. एके ठिकाणी हात चुकला. ते थांबले, "माफी!" असं ओरडले आणि तिथूनच पुन्हा उचललं. लोक हसले. तात्या मान हलवत होते, भिकाबाची काठी वाळूत ठेका धरत होती. त्या वाजवण्याचं याहून अधिक वर्णन करायला मला येत नाही. अंधार पडेपर्यंत ते चाललं, एवढं सांगतो.

सकाळी मी नदीवर गेलो. गावच्या बायका गावच्या घाटावर पाणी भरत होत्या, खालच्या आळीच्या बायका खालच्या पाणवठ्यावर. कालची ती म्हातारी आणि ती लेकुरवाळी आपापल्या जागी होत्या. घाटावर तात्या भेटले. मी हटकलं. ते म्हणाले, "काल काय झालं? काय बी नाय झालं. ऊन येत व्हतं."

आता माझं तोंड मोकळं होतं. पारावर उभा राहून मी दिवसाउजेडी दोन्ही मागण्या मांडल्या, पत्रकं एकेकाच्या हातात दिली आणि बऱ्याच शिव्या खाल्ल्या. रावजी रात्रीच्या शाळेत शिकलेला. त्यानं पत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "हे सगळं गावाला सांगितलंत, हे सोडा, ते सोडा. आमी काय करायचं, ते कुठंय यात?"

"तूच सांग," मी म्हणालो. पुढचं पत्रक आम्ही दोघं मिळून लिहिणार आहोत. ते मामांच्याच छापखान्यात छापलं जाईल. मामांना हे अजून माहीत नाही.

प्रोफेसरांना मी तक्रार केली. "रिंगण पुरं झालं, आणि पाणवठे दोनच राहिले."

ते बॅन्जोची कडी आवळत होते. "खेळ उठला की रिंगण उठतं, एडिटरसाहेब. सर्कशीत काय एकदाच मांडतात? रोज मांडावं लागतं." पुतण्याला निरोप सांगायला त्यांनी मला बजावलं: ते आता सायखेड्यातच राहणार होते, बापाच्या पडक्या खोपटाला नवा कूड घालून. बोटं आहेत तोवर.

मी नाशिकला जाणाऱ्या मोटारीत बसलो. मोटार नदीच्या चढावर आली तेव्हा मागे वळून पाहिलं. वाळूत लाल कोट दिसत होता. म्हातारा एका हातानं टोपी सावरत, दुसऱ्या हातात झारी घेऊन, गावच्या घाटापासून खालच्या पाणवठ्याकडे रेघ ओढत चालला होता. त्या दिवशी बाजार नव्हता.